सगुणच्या घरचं कार्य

"हर्षा, घरी तू कोणाबरोबर खेळतेस?" सुविधा टीचरनी विचारलं.

"बापाशीबरोबर," हर्षाची आई विनोदिनी म्हणाली. "बापूस आनी ती. तिसरो माणूस नको दोघांक."

"वहिनी, मी हर्षाला विचारलं."

"ता खरा हो. पण ती बोलाची नाय, म्हणून मी सांगतंय."

हर्षा बापाच्या शर्टाचं टोक मुठीत धरून त्याच्या पाठीमागे उभी होती. ती दुसरीत होती, आणि वर्गात हजेरी घेताना 'हजर' म्हणण्याऐवजी एक बोट वर करायची. टीचरनी सुरुवातीचे काही दिवस ते बोट पाहून तिला बाथरूमला पाठवलं. हर्षा गुपचूप जायची, थोडा वेळ बाहेर उभी राहायची आणि परत यायची. तसं नाही, हे सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

"सगुणबाब, तुम्हाला काय वाटतं?" टीचरनी मोर्चा बापाकडे वळवला.

"तेंकाय तसाच वाटता," विनोदिनी म्हणाली.

टीचरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, रागावू नका. पण तिची उत्तरं तुम्हीच दिलीत तर ती बोलायला कधी शिकणार? मुलं आपलं ऐकून थोडंच शिकतात, आपल्याला बघून जास्त शिकतात. घरी कोणी आलं की सगुणबाब काय करतात?"

विनोदिनीने पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सगुणने फरशीकडे पाहिलं. हर्षानेही फरशीकडे पाहिलं. दोघांनी नेमकी एकच फरशी निवडली होती.

घरी कोणी आलं की सगुण हातातलं पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि दाराआड बसायचा. त्याच्यामागून हर्षा जायची. पाहुणा चहा पिऊन जाईपर्यंत बापलेक तिथे गुण्यागोविंदाने राहायचे. सगुण पेडण्याला एका कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या खोलीत कामाला होता. ही खोली त्याने मागून घेतली होती, कारण जुने कागद काही विचारत नाहीत. माणसांसाठी त्याच्याकडे एक 'हं' होता. होकाराला तोच, नकाराला तोच, आणि 'आता मला जाऊ द्या' यालाही तोच. त्यातला फरक फक्त विनोदिनीला कळायचा. आपण आपल्यापुरते असे आहोत, त्यात कोणाचं काय जातं, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. पण त्या दिवशी दुसरीतल्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला असताना त्याच्या मनात आलं, की पोर दाराआड जाते, कारण आधी आपण जातो.

तसं पाहिलं तर घरात हर्षाचं तोंड मिटत नसे. रोज तिन्हीसांजेला तिचा एक ठरलेला खेळ असे. गावात कोणाकडे काही कार्य असलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस हात जोडून एकेक वाक्य बोलतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कोरगावात हा मान बाबुरावांचा. हर्षा पाटावर करवंटी ठेवायची, बाबुरावांसारखी मान कलती करायची आणि त्यांच्यासारखाच आवाज लांबवून म्हणायची, "बा देवा म्हाराजा! आज आईन परत दोडक्याची भाजी केल्यान रे म्हाराजा!" सगुण पुस्तक मिटून बाजूला ठेवायचा आणि मनापासून म्हणायचा, "व्हय म्हाराजा." त्यालाही हा खेळ आवडायचा. एवढं बोलणं त्याला झेपायचं.

शाळेतून निघाल्यावर विनोदिनीला म्हापशाची बस धरायची होती. डिचोलीला तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि सोमवारपर्यंत ती तिथे राहणार होती. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तिने नवऱ्याला बजावलं, "उद्या आयतार. पोरीक घेवन दोन घरांनी जावा. बोला. ती बघतली आनी शिकतली."

"काय बोलू?"

"कशे आसात म्हणून इचारा! त्येका काय पोथी वाचूक होयी?"

रविवारी सकाळी सगुणने आंघोळ करून लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट काढला. धीर थोडाफार शर्टातून मिळाला तर पाहावा, असा त्याचा विचार होता. हर्षालाही त्याने मावशीच्या लग्नातला जरीचा फ्रॉक घातला आणि भांग पाडून दिला. सगळा घोळ इथेच सुरू झाला. कारण कोरगावात सकाळच्या वेळी माणूस ठेवणीतले कपडे घालून, पोराला नटवून दारोदार 'कशे आसात' विचारत हिंडतो तो एकाच कामासाठी. तो आमंत्रण करायला निघालेला असतो. आणि आमंत्रण करणारा माणूस कधी एकदम मुद्द्यावर येत नाही. आधी ख्यालीखुशाली, मग हवापाणी आणि मग कार्य, हा क्रम लहान पोरांनाही ठाऊक आहे. सगुण कोणाकडे कधी आमंत्रण करायला गेलाच नव्हता. त्यामुळे त्याला एकट्यालाच ते माहीत नव्हतं.

शेजारचा बाबली अंगणात काजूची बोंडं घेऊन बसला होता. बी पिळून एका बाजूला, बोंड दुसऱ्या बाजूला, असं त्याचं चाललं होतं.

"बाबली," सगुण म्हणाला, "कसो आसस?"

बाबलीच्या हातातलं बोंड खाली पडलं. इतक्या वर्षांच्या शेजारात सगुणने त्याला आपणहून हाक मारली नव्हती. त्याने हात लुंगीला पुसले आणि पाहुण्याला बसायला स्टूल दिलं.

"बरो आसंय. तुमी?"

"हं."

सगुणने एकच वाक्य पाठ करून आणलं होतं आणि ते संपलं होतं. पाठीमागून शर्टाला ओढ बसत होती. पोर बघत होती. त्याने वर पाहिलं. "हवा..."

"हवा बरी आसा. ता ऱ्हवांदे," बाबली स्टुलाजवळ सरकला. "सगुणा, लाजतस कित्याक? मी काय परको? घराकडे कार्य आसा मां?"

तसं काही नाही, असं सगुणला सांगायचं होतं. पण त्यासाठी एक अख्खं वाक्य लागणार होतं, आणि ते जुळेपर्यंत सवयीने तोंडातून गेलं, "हं."

"माका शर्ट बघूनच वाटलेला! कधी? आज सांजेक?"

"हं... नाय, म्हणजे..."

"म्हणजे सत्यनारायण! आज पुनवय आसा, माझ्या ध्यानातच नाय. खुर्च्यो, मंडप सगळा माझ्यार सोड. तू कोणाकडे एक शब्द बोलू नको, तुका त्रास होता."

सगुण उठून फाटकाबाहेर पडेपर्यंत बाबलीने कुंपणावरून हाक घातलीही होती, "यशोदाकाकी, सगुणागेर सांजेक कार्य आसा गो!"

त्यामुळे यशोदाकाकी पडवीत वाट पाहतच उभी होती. "ये रे झिला. अगोबाय, हर्षाचो फ्रॉक बघ! सत्यनारायण म्हणता तो बाबली, तेका काय कळता? चेडवाचो वाढदिवस मां?"

सगुणने सगळं बळ एकवटलं. "नाय," तो म्हणाला. खरंच म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नाय? मगे?" काकीने त्याच्या मागेपुढे पाहिलं. "विनोदिनी खय आसा?"

"डिचोलीक. आवशीकडे."

काकीचे डोळे हळूहळू मोठे झाले. "आवशीकडे! आनी माका आत्ता सांगतस?" तिने हर्षाची हनुवटी धरली. "हर्षा, तुका धाकटो भाव येतलो गो!"

सकाळपासून सगुण एवढंच काय ते खरं आणि स्पष्ट बोलला होता, आणि तेच सगळ्यांत महाग पडलं.

वाटेत त्याला भोंपू वाजवत पोदेर भेटला. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा इनास. वाड्यातली बातमी त्याच्या सायकलएवढ्याच वेगाने फिरायची.

"सगुणबाब! बाबलीन सांगलें माका. कितले पाव दवरूं? शंबर?"

"इनास..." सगुणने नको म्हणण्यासाठी श्वास घेतला.

"उणे पडतले? बरें, दीडशें."

"तसा न्हय, मी..."

"बरें, बरें, दोनशें! सांजेक गरम गरम हाडटां." इनास पायडल मारून निघूनही गेला. आपण श्वास घेतला की पाव वाढतात, हे लक्षात आल्यावर सगुणने श्वास घ्यायचंच बंद केलं.

"बाबा," हर्षाने खालून विचारलं, "आमच्याकडे काय आसा?"

"काय नाय गो."

"मगे सांगा ना तेंका."

"सांगतंय."

"कधी?"

"हं," सगुण म्हणाला.

घरी येऊन तो पायरीवर बसला. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. बिचारी सगळी मायेने त्याला मदत करत होती. त्याला बोलायला जड जातं म्हणून त्याचं वाक्य आपणच पुरं करून देत होती. पण आपल्या तोंडातलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की ते आपलं राहत नाही आणि परतही घेता येत नाही, हे त्याला आज कळत होतं. शाळेतल्या बाकावर हर्षाला असंच वाटत असेल का? असेल, नसेल. तो तिला विचारणार होता, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आमच्याकडे आज काय आसा?" विनोदिनीने विचारलं. "वाड्याच्या ग्रुपवर बाबलीन घातलां, सगुणागेर कार्य, सगळ्यांनी येवचा म्हणून!"

"हं."

"हो खयचो हं?"

"माकाच कळणा नाय."

"आनी यशोदाकाकीचो फोन इल्लो. जड काय उचलू नको म्हणाली माका. कित्याक?"

यावर सगुणकडे कुठलाच 'हं' नव्हता.

"मी येतंय. मेळात त्या बशीन येतंय. मी येयसर तुमी कोणाकडे तोंड उघडू नका!"

कालपासून मिळालेल्या हुकमांपैकी सगुणला पाळता येण्यासारखा हा पहिलाच हुकूम होता.

उन्हं कलली तसं अंगण भरायला लागलं. बाबलीने खुर्च्या मांडल्या, वर कापड ताणलं आणि स्वतःच्या काजूच्या बोंडांचा ताजा रस, म्हणजे नीरो, कळशीभर आणून ठेवला. यशोदाकाकीने काळ्या वाटाण्याची उसळ टोपभर रांधून आणली. बायका स्वयंपाकघरात शिरल्या, आणि तिथलं आपल्याला न सापडणारं एकेक भांडं बाहेर येताना सगुण नुसता पाहत राहिला. पावांची टोपली घेऊन इनास आला. शेवटी, खांद्याला उपरणं लावून बाबुराव आले आणि सगळे उठून उभे राहिले.

"भट मेळूक नाय," बाबुराव म्हणाले. "आज पुनवय, सगळे दुसरीकडे गुंतले. पण म्हणून काय झाला? तुळशीकडे नारळ ठेवया आनी गाऱ्हाणा घालया. कार्य कसला ता सांगा."

"सत्यनारायण," बाबली म्हणाला.

"सत्यनारायण खयचो!" काकी म्हणाली. "गोड खबर आसा."

"हांवें आयकलां, सगुणबाबाक प्रमोशन जालां," टोपली उतरवत इनास म्हणाला.

बाबुरावांनी हात वर केला. "देवाक अशी तीन तीन कारणां सांगतत काय? सगुणा, तू घरधनी. तू सांग. आनी बाकीच्यांनी तोंडां मिटा!"

दिवसभर ज्याचं एक वाक्य कोणी पुरं होऊ दिलं नव्हतं, त्याच्याकडे आता सगळा वाडा हात जोडून पाहत होता. सगुणने मागे पाहिलं. तो आणि दार यांच्यामध्ये बाबलीच्या सगळ्या खुर्च्या होत्या. त्याने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

मग त्याच्या शर्टाचं टोक सुटलं.

हर्षा पुढे आली होती. तिने तुळशीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, हात जोडून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. हा खेळ तिला येत होता. तिने मान कलती केली आणि बाबुरावांसारखा आवाज लांबवला, "बा देवा म्हाराजा!"

हात जोडलेलेच होते, ते शब्द ऐकताच डोळे मिटले. तोंडं आपोआप उघडली, "व्हय म्हाराजा!"

हर्षा दचकली. घरी एकच आवाज यायचा, इथे अख्खं अंगण बोललं होतं. तिने बापाकडे पाहिलं. बापही म्हणाला होता. मग तिचा आवाज चढला.

"आज आमच्याकडे काय एक कार्य नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. नंतर बाबलीने एक डोळा उघडून इनासकडे पाहिलं.

"सत्यनारायण नाय, प्रमोशन नाय, आनी माका भावय येवचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," यशोदाकाकीचा सूर जरा पडला.

"बाबांक फकस्त 'कशे आसात' म्हणून इचारूचा होता. बोलाक शिकूचा म्हणून. बाबांक लाज वाटता. माकाय वाटता. आमी दोघांय दाराफाटी लिपतो. बाबा सगळा सांगणार होते, पण कोणी तेंका बोलूकच दिल्यानी नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," या खेपेला आवाज खाली आला. बाबली पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

हर्षाला आता शेवट करायचा होता. बाबुराव कसा करतात ते तिला तोंडपाठ होतं. "जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, सगळ्यांका सुखी ठेव, आनी इनासाचे पाव संपांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज इनासचा होता.

कोणाला हसावं की काय करावं ते सुचेना. सगळे बाबुरावांकडे पाहायला लागले. बाबुरावांनी सावकाश नारळ उचलला, फोडला आणि पाणी तुळशीला घातलं. "एक अक्षर चुकूक नाय," ते म्हणाले. "माका सुद्धा येवढा सुटसुटीत जमणा नाय." मग अंगणभर हसू पसरलं.

फाटकात पिशवी घेऊन विनोदिनी उभी होती. पहिल्या 'बा देवा'पासून ती तिथेच होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. हे त्या दिवसातलं दुसरं नवल. काकीने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि मग तशी गरज नाही हे आठवून परत दिली.

पाव गरम होते, उसळ झणझणीत होती. कार्य नाही म्हणून कोणी उठून गेलं नाही. "जमलो ताच कार्य," असं बाबली जो येईल त्याला नीरो देत सांगत होता.

"आधी सांगाचा मां रे मेल्या!" काकी सगुणला म्हणाली.

"सांगणार होतंय," सगुण म्हणाला. "तू बोलाक दिलंस नाय."

वाक्याला सुरुवात होती आणि शेवटही होता. काकी हसत हसत पाव बुडवायला गेली. सगुण खुर्चीवर बसून राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण माणसांच्या मधोमध बसलो आहोत आणि पुस्तक आत आहे. तुळशीजवळ हर्षा दोन मुलींना मान कशी कलती करायची ते शिकवत होती. लपायला ती आपल्याकडून शिकली, हे तर झालंच. पण रोज तिन्हीसांजेला पुस्तक मिटून आपण 'व्हय म्हाराजा' म्हणत आलो, त्यातूनही ती काहीतरी शिकली असेल का? त्याला नक्की सांगता आलं नसतं. नक्की असं त्याला फारसं काही वाटत नसे. तरी त्याने आणखी एक पाव घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेतून बोलावणं आलं.

सुविधा टीचर गंभीर चेहरा करून बसल्या होत्या, पण तो चेहरा त्यांना नीट जमत नव्हता. "हर्षा आता 'हजर' म्हणते. दुसऱ्या वर्गातल्या मुलांनाही ऐकू जातं. ते छानच झालं. पण काल गणिताच्या तासाला ती उभी राहिली आणि म्हणाली, 'बा देवा म्हाराजा, आज टीचरनी गणितां जास्त दिली रे म्हाराजा!' आणि अख्खा वर्ग 'व्हय म्हाराजा'! मोठ्या बाई धावत आल्या ऑफिसातून. सगुणबाब, घरी तुम्ही नेमकं केलंत काय?"

"बाबांनी काय एक करूक नाय, टीचर!" हर्षा म्हणाली. "तेणी पांढरो शर्ट घातलो, मगे बाबलीकाकान..."

"हर्षा, मी बाबांना विचारलं. त्यांची उत्तरं तू दिलीस तर ते बोलायला कधी शिकणार?"

विनोदिनी खिडकीबाहेर पाहायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"बरं, ते राहू दे," टीचर म्हणाल्या. "पुढच्या पालकसभेत तुम्ही उभं राहून सगळ्यांना हा अनुभव सांगायचा. चार शब्द पुरेत. सांगणार ना?"

कोणी मध्ये बोललं नाही. विनोदिनी बोलली नाही, हर्षा बोलली नाही. सगुणला हवा तेवढा वेळ होता. 'नको टीचर, मला ते जमणार नाही,' असं अख्खं वाक्य त्याने मनात जुळवलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत तपासून पाहिलं. श्वास घेतला. तोंड उघडलं.

"हं," तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागे हर्षाने हात जोडले. "व्हय म्हाराजा!"